कॅपची वही: ब्रॉन्कोज, २०२४चा बिगरहंगाम

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

काल सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा (एनएफएलचा) अंतिम सामना, झाला. कॅन्सस सिटी जादा वेळेत २५-२२ने जिंकली, तीही सलग दुसऱ्या वर्षी. कॅन्सस सिटी आमचा जुना वैरी, डेनव्हरमध्ये राहणाऱ्याला ह्याहून वाईट निकाल सुचवता यायचा नाही. आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव न जेवता झोपले. सकाळी दुधाचा पेला हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "आई, रसेल विल्सनला काढून टाकायचं. त्याचे पैसे मोकळे झाले की दोन चांगले प्लेअर येतील." (विल्सन म्हणजे आमच्या ब्रॉन्कोज संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून डाव चालवणारा.)

मी एका हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात काम करते. "काढलं की पैसे मोकळे" हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलंय की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. विचारलं, "किती मोकळे? आकडा सांग." त्याच्याकडे आकडा नव्हता. खरं तर माझ्याकडेही नव्हता. म्हणून ही वही.

काम असं ठरलं: डेनव्हर ब्रॉन्कोजच्या २०२४च्या कॅपचं शीट, आजपासून सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्यांपर्यंत. एनएफएलच्या ३२ संघांना पगाराची एकच वरची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. मालक कितीही गडगंज असो, वहीत त्या आकड्याच्या वर जाता येत नाही. (आमचे मालक वॉलमार्टवाल्या घराण्यातले आहेत. २०२२मध्ये त्यांनी ४६५ कोटी डॉलरला संघ घेतला. तरी वही तीच.)

रकाने: नाव, पगार, बोनसचा यंदाचा हप्ता, कॅपचा आकडा आणि शेवटी एक रकाना, "आज काढला तर". हा शेवटचा रकाना पोराने सुचवला. नाव चांगलं आहे, ठेवलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

बोनसचा रकाना भरताना अर्धा दिवस गेला. पगाराचं सोपं आहे, ज्या वर्षाचा त्या वर्षी लागतो. सायनिंग बोनसचं तसं नाही. खेळाडूला तो रोख आणि लवकर मिळतो, पण वहीत करारातल्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. म्हणजे रोकड एका दिवशी आणि खर्च पाच वर्षांत.

संध्याकाळी (तिकडे रविवारची सकाळ) आप्पांना फोन केला. आप्पा वाळवा तालुक्यात विकास सोसायटीचे गटसचिव होते, तीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाच्या वह्या लिहिल्या. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण बोनस दोन मिनिटांत कळला. "म्हणजे उचल की गं. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशी."

तशीच. फरक एवढा की टोळी मधेच पळाली तर उचल मुकादमाची बुडते. इथे खेळाडूला मालकच घालवतो आणि न वाटलेली उचल मालकाच्याच वहीवर एकदम येऊन आदळते. इकडे तिला डेड मनी म्हणतात. आप्पा म्हणाले, "मेलेला पैसा? मेलेला कसला, चांगला जिवंत दिसतोय, बोकांडी बसतोय."

२४ फेब्रुवारी, शनिवार

काल आकडा आला: २५ कोटी ५४ लाख डॉलर. मी अंदाजाने २४ कोटी २० लाख धरून बसले होते. गेल्या वर्षी २२ कोटी ४८ लाख होता, म्हणजे एका वर्षात ३ कोटी ६ लाखांची उडी. १९९४मध्ये कॅप सुरू झाला तेव्हा अख्खा आकडाच ३ कोटी ४६ लाख होता.

उडीचं कारण वाचून मजा वाटली. २०२०मध्ये करोनाने मैदानं ओस पडली, तिकिटांचं उत्पन्न बुडालं. कॅप एकदम कोसळू नये म्हणून लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने तो खड्डा पुढच्या वर्षांवर ढकलला. २०२१मध्ये कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरला आणि तिथेच थांबला. त्या वेळचं सगळं देणं आता फिटलं, वर टीव्हीचे पैसे वाढले, म्हणून ही उडी. सगळ्या लीगनेच आपली उधारी पुढे ढकलली होती. एकेका संघाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शीटमधला वरचा आकडा बदलला. खाली कुठेच काही मोडलं नाही, ह्याचा आनंद फक्त हिशेबनिसालाच कळेल.

५ मार्च, मंगळवार

काल बातमी आली: नवं लीग वर्ष (लीगचं हिशेबाचं वर्ष, यंदा १३ मार्चपासून) सुरू झालं की विल्सनला मुक्त करणार. चिरंजीव शाळेतून नाचत आले. मी म्हटलं, बस, आता "आज काढला तर" भरू.

सप्टेंबर २०२२मध्ये, डेनव्हरकडून एकही सामना खेळण्याआधी, त्याच्याशी पाच वर्षांची मुदतवाढ झाली, २४ कोटींच्या वर. त्यातले ५ कोटी सायनिंग बोनस, म्हणजे वर्षाला १ कोटी. दोन हप्ते गेले, राहिले ३ कोटी. २०२३मध्ये आणखी २ कोटींचा ऑप्शन बोनस (करारातला ऑप्शन संघाने वापरला की द्यायचा, वाटणी सायनिंग बोनससारखीच) दिला, वर्षाला ४० लाख. एक हप्ता गेला, राहिले १ कोटी ६० लाख. वर २०२४चे हमीचे ३ कोटी ९० लाख आहेतच, तो खेळो वा न खेळो.

३ कोटी, अधिक १ कोटी ६० लाख, अधिक ३ कोटी ९० लाख: ८ कोटी ५० लाख डॉलर.

पोराने बेरीज पुन्हा केली. मग कॅल्क्युलेटरवर केली. मग म्हणाला, "हे तर कॅपचा तिसरा भाग झाले." बरोबर एक तृतीयांश. एका न खेळणाऱ्या माणसापायी. ह्याआधीचा विक्रम अटलांटाच्या मॅट रायनचा होता, २०२२ मधला, ४ कोटी ५ लाख. त्याच्या दुपटीहून जास्त.

मग काढतात कशाला? कारण वहीत आणखी एक तारीख दबा धरून बसली आहे. लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, म्हणजे १७ मार्चला, विल्सनचा २०२५चा ३ कोटी ७० लाखांचा पगारही हमीचा होणार. ती रक्कम त्याआधीच दुखापतीपुरती हमीची होती. खेळताना पाय मोडला असता तर संघाला ती सोडवता आली नसती. गेल्या डिसेंबरात शेवटच्या दोन सामन्यांना त्याला बाकावर का बसवलं, ह्याचा अर्थ तेव्हा टीव्हीवर खेळातून काढत होते. मी आज तो रकाना भरताना काढला.

८ मार्च, शुक्रवार

काल जस्टिन सिमन्सला मुक्त केलं. ह्या घरात त्याची ३१ नंबरची जर्सी आहे, तेव्हा आज शांतता.

सिमन्सचा कॅप आकडा १ कोटी ८२.५ लाख होता. काढल्यावर ३७.५ लाख मेलेले राहिले, १ कोटी ४५ लाख सुटले. म्हणजे पोराच्या "काढलं की मोकळे" ह्या सिद्धांताला पहिलं खरं उदाहरण मिळालं, ते त्याच्या सर्वांत आवडत्या खेळाडूच्या रूपाने. सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा) म्हणून तो अजून लीगमधल्या पहिल्या फळीचा आहे. त्याच्या खेळात काही बिघडलं नव्हतं. त्याच्या करारात मेलेला हिस्सा लहान राहिला होता, बिघडलं ते एवढंच.

शीटमध्ये हिरवा आकडा वाढला आणि घरात कोणी टाळी वाजवली नाही.

१० मार्च, रविवार

चूक सापडली. माझीच.

एक जूनचा नियम असा: वर्षाला दोन खेळाडूंना "जून १ नंतरचा" असा शिक्का मारून मार्चमध्येच सोडता येतं. मग त्यांच्या उचलीचा यंदाचा हप्ता यंदा लागतो आणि पुढच्या सगळ्या वर्षांचे हप्ते एकदम पुढच्या वर्षी लागतात. म्हणजे ८ कोटी ५० लाख दोन वर्षांत विभागता येतात. मंगळवारी मी विभागणी केली ती अशी: यंदा ३ कोटी ५४ लाख, पुढच्या वर्षी ४ कोटी ९६ लाख. बेरीज ८ कोटी ५० लाख. ताळा जुळला म्हणून निर्धास्त झाले.

आज सकाळी चहा पिताना डोक्यात आलं की ३ कोटी ९० लाख हे एका जातीचे पैसे नाहीतच. १ कोटी ७० लाख पगार, आणि २ कोटी २० लाख ह्या वर्षीचा ऑप्शन बोनस. संघाने तो ऑप्शन वापरला तर ते २ कोटी २० लाख उचलीसारखे पाच वर्षांवर वाटले जातात, वर्षाला ४४ लाख. मी आंधळेपणाने तसंच धरलं होतं. पण ज्याला घालवायचाय त्याचा ऑप्शन वापरायचा नाही असं ठरवलं, की ते पैसे हमीचा साधा पगार होतात आणि सगळेच्या सगळे यंदा लागतात.

नवी विभागणी: यंदा ३ कोटी ९० लाख + १ कोटी + ४० लाख = ५ कोटी ३० लाख. पुढच्या वर्षी २ कोटी + १ कोटी २० लाख = ३ कोटी २० लाख. बेरीज परत तीच, ८ कोटी ५० लाख!

नोकरीतही माझं नेहमी हेच होतं. एकूण बेरीज बरोबर आली की हात थांबतो. आणि इथे एकूण बेरजेला कोणी विचारत नाही, ती कशीही आली तरी ८.५ कोटीच येणार. विचारतात ते वर्षाला. १ कोटी ७६ लाख मी चुकीच्या वर्षात टाकले होते, म्हणजे एका चांगल्या खेळाडूचा पगार.

शीटमध्ये आता प्रत्येक रकमेशेजारी "कोणत्या वर्षी लागते आणि का" असा रकाना घातला. "का"चा रकाना सर्वांत रुंद झालाय.

१३ मार्च, बुधवार

बर्फाचं मोठं वादळ येणार म्हणून ऑफिसातून लवकर सुटले. इथल्या घड्याळात दुपारी दोनला (न्यूयॉर्कला चार) नवं लीग वर्ष सुरू झालं. त्या मिनिटाला प्रत्येक संघ कॅपच्या खाली असावाच लागतो.

जेरी ज्यूडीचा सौदाही आज वहीत आला. क्लीव्हलंडला दिला, बदल्यात ड्राफ्टमधली (तिथे संघ पाळीपाळीने नवखे खेळाडू निवडतात) पाचव्या आणि सहाव्या फेरीची एकेक निवड. २०२०मध्ये पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाची ही किंमत ऐकून वाईट वाटतं, पण त्याचे जवळपास १ कोटी ३० लाख हमीचे होते आणि मागे उचल काहीच उरली नव्हती. पूर्ण ओळ पुसली गेली. शीटमध्ये ओळ पूर्ण पुसायला मिळणं दुर्मिळ.

सकाळी आप्पांशी बोलले. तिकडेही मार्च एंडची धांदल आहे, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्यांना विचारायला येतात. त्यांना रीस्ट्रक्चर समजावून सांगत होते. समजा एखाद्या मुरलेल्या खेळाडूचा यंदाचा पगार १ कोटी ६० लाख आहे आणि कराराची तीन वर्षं राहिलीत. त्याचा पगार नियमाने किमान लागतो तेवढ्यावर, १२ लाख १० हजारांवर, आणायचा. उरलेले १ कोटी ४७ लाख ९० हजार आजच बोनस म्हणून द्यायचे आणि तीन वर्षांवर वाटायचे, ४९ लाख ३० हजार प्रत्येकी. यंदा वहीत ६१ लाख ४० हजार लागले. ९८ लाख ६० हजार वाचले. खेळाडूला एक पैसा कमी नाही, उलट आधीच हातात. तो कशाला नाही म्हणेल?

आप्पा हसायला लागले. "अगं, हे तर नवं-जुनं!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी (म्हणजे चिरंजीवांसाठी) लिहून ठेवते. पीककर्ज मार्चअखेर भरलं तर व्याजात सवलत मिळते. शेतकऱ्याकडे पैसे नसतात. मग दोन-चार दिवसांसाठी कोणाकडून तरी उसने आणायचे, सोसायटीत जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं, त्यातून उसने फेडायचे. वहीत जुनं मिटलं, नवं चढलं, वसुली शंभर टक्के. शेतात काहीच बदललं नाही.

"एकदा करायला हरकत नाही," आप्पा म्हणाले. "पाऊस लागणार असेल तर. दरसाल करणाऱ्याच्या घरी मी मुलीला पाठवायला धजलो नसतो."

१६ मार्च, शनिवार

विल्सन पिट्सबर्गला गेला. एक वर्ष, १२ लाख १० हजार डॉलर. त्याच्याइतका अनुभव असलेल्याला ह्याहून कमी देताच येत नाही.

पोर चक्रावलं. "इतक्या कमीत का?" कारण करारात ऑफसेटचं कलम आहे. दुसऱ्या संघाने त्याला जे दिलं ते डेनव्हरच्या देण्यातून वजा होतं. पिट्सबर्गने १ कोटी दिले असते तरी विल्सनच्या हातात एकूण ३ कोटी ९० लाखच पडले असते, डेनव्हरचं देणं तेवढं हलकं झालं असतं. आता डेनव्हर देणार ३ कोटी ७७ लाख ९० हजार आणि पिट्सबर्ग १२ लाख १० हजार. त्याला दोघांची बेरीज सारखीच, मग जुन्या मालकाचं ओझं हलकं का करायचं? त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

२० एप्रिल, शनिवार

आप्पा आले. सामानात मेतकूट, दोन किलो गूळ आणि एक नवी कोरी लाल कापडी वही. शीट लॅपटॉपवर आहे म्हटलं तर म्हणाले, "असू दे. वीज गेली तर?"

त्यांना न्यू ऑर्लीन्सची कथा सांगितली. सेंट्स संघ वर्षानुवर्षं हेच नवं-जुनं करत आलाय. दर फेब्रुवारीत कित्येक कोटींनी कॅपच्या वर आणि दर मार्चमध्ये कागदावर खाली. करारात न खेळायची वर्षंही जोडतात, उचल वाटायला जास्त खण मिळावेत म्हणून. त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज २०२१च्या मार्चमध्ये निवृत्त झाला, तरी २०२२च्या वहीत त्याच्या नावावर एक कोटीहून जास्त होतेच. तेव्हा तिथला प्रशिक्षक शॉन पेटन आता आमच्याकडे आहे. त्याला आणताना सेंट्सना पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची एकेक निवड द्यावी लागली, म्हणून यंदा आम्हाला दुसऱ्या फेरीत कोणी घेता येणार नाही. प्रशिक्षकाचा पगार मात्र कॅपमध्ये धरत नाहीत. आप्पांना हे फार खटकलं. "मुकादम हिशेबाबाहेर?"

मग आमचंही पाप सांगावं लागलं. १९९६ ते ९८ ह्या काळात, म्हणजे ब्रॉन्कोजची पहिली दोन अजिंक्यपदं मिळाली त्याच्या आसपास, संघाने जॉन एल्वे आणि टेरेल डेव्हिस ह्या खेळाडूंचे पैसे नंतर द्यायचे ठरवले, पण ते कॅपच्या वहीत नियमाप्रमाणे दाखवले नाहीत. लीगने दोनदा दंड केला, २००१मध्ये ९ लाख ६८ हजार आणि २००४मध्ये ९ लाख ५० हजार डॉलर, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या फेरीची निवड काढून घेतली. एल्वेचं नाव ह्या शहरात देवासारखं घेतात, त्यामुळे ही गोष्ट पोराला नवी होती. त्याने विचारलं, "पैसे तर दिले ना शेवटी? मग चूक काय?"

आप्पांनी माझ्याआधी उत्तर दिलं. "दिले. पण ज्या साली लिहायचे त्या साली लिहिले नाहीत."

२६ एप्रिल, शुक्रवार

काल ड्राफ्टची पहिली फेरी झाली. बाराव्या क्रमांकावर बो निक्स, ऑरेगनचा क्वार्टरबॅक. टीव्हीवर तज्ज्ञ भांडत होते की एवढ्या वर घ्यायला हवा होता का. माझ्या शीटला त्यात रस नाही. शीटच्या दृष्टीने कालचा दिवस बिगरहंगामातला सर्वांत चांगला.

नवख्यांचा पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून जवळपास ठरलेलाच असतो, घासाघीस फारशी नाही. बाराव्या क्रमांकाला चार वर्षांचे मिळून सुमारे १ कोटी ८६ लाख. पहिल्या वर्षाचा कॅप आकडा साधारण ३३ लाख ८० हजार, पुढे दरवर्षी त्या पहिल्या आकड्याच्या चौथाईने वाढ. विल्सन न खेळता यंदा ५ कोटी ३० लाख खातो. म्हणजे त्या एका मेलेल्या ओळीत पंधरा बो निक्स बसतात.

आणि निक्सचे ३३ लाख ८० हजारही पूर्ण लागत नाहीत! बिगरहंगामात सर्वांत महाग ५१ जणांचाच आकडा धरतात. संघात तेव्हा ९० पर्यंत माणसं असतात, बाकीच्यांचा फक्त बोनसचा हप्ता. निक्स आत आला की एक्कावन्नावा माणूस, समजा ९ लाख १५ हजारांचा, यादीखाली सरकतो. निव्वळ खर्च २४ लाख ६५ हजार. हे सूत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, कारण क्रम लावून वरचे ५१ उचलायचे, खाली गेलेल्यांचा बोनस सोडायचा नाही आणि मेलेला पैसा क्रमात धरायचाच नाही. पहिल्या प्रयत्नात विल्सनच एक नंबरला येऊन बसला होता. गेला तरी पहिला.

ह्याच आठवड्यात न्यूयॉर्क जेट्सकडून झॅक विल्सन आणलाय, त्याचा काही पगार जेट्सच भरणार. आता वहीत दोन विल्सन. आप्पांनी लाल वहीत "थोरला" आणि "धाकटा" असं लिहिलंय.

२ जून, रविवार

एक जून ओलांडला. ह्या तारखेची इतर संघ वाट बघतात, शिक्का मारलेल्या खेळाडूंची जागा आज मोकळी होते. आमच्याकडे विल्सनच्या ओळीत मोकळं होण्यासारखं काही नाहीच. ५ कोटी ३० लाख यंदा, ३ कोटी २० लाख पुढच्या वर्षाच्या पानावर आत्तापासून लिहून ठेवले.

आप्पांना रिकाम्या पुढच्या पानावर पहिलीच ओळ देण्याची पाहून त्रास झाला. त्यांनी वर बारीक अक्षरात "श्री" लिहिलं, मग ती ओळ.

२० जुलै, शनिवार

निक्सने सही केली. आकडे एप्रिलमधल्या अंदाजाशी जुळले. गार्ड क्विन मायनर्झला चार वर्षं, ८ कोटी. आप्पांनी विचारलं हा नक्की काय करतो. "मधे उभा राहतो आणि कोणाला आत येऊ देत नाही." त्यावर म्हणाले मग ठीक आहे, शिपायाला नीट पगार दिला पाहिजे.

२८ ऑगस्ट, बुधवार

काल ९० वरून ५३ वर आणायचा दिवस होता. एका दिवसात लीगभर हजाराच्या वर मुलं घरी जातात. टिम पॅट्रिकही गेला, दोन हंगाम दुखापतींत घालवून, पगार कमी करून घेऊन सरावाला परत उभा राहिलेला. शीटमध्ये त्याची ओळ खोडताना पोर म्हणालं, "हा आकडा हिरवा नको दाखवूस." सेलचा रंग पांढरा केला.

तांत्रिक नोंद: पहिल्या सामन्याच्या आठवड्यापासून ५१चा नियम संपतो. ५३च्या ५३ धरायचे, दुखापतीच्या यादीवरचे धरायचे, सराव-पथकही धरायचं. सराव-पथकातल्या मुलाला आठवड्याला किमान १२ हजार ५०० डॉलर, १८ आठवड्यांचे २ लाख २५ हजार. सोळा जणांचे ३६ लाख. शिवाय हंगामात कोणाचा गुडघा गेला तर त्याच्या जागी आणायला काही शिल्लक हवी. मी मेमध्ये पोराला "एवढे उरलेत" म्हणून जो आकडा दाखवला होता तो ह्या सगळ्याच्या आधीचा होता. त्याने तो लक्षात ठेवला होता, अर्थातच. दिलगिरी व्यक्त केली.

५ सप्टेंबर, गुरुवार

काल पॅट सर्टनचा करार झाला, चार वर्षं, ९ कोटी ६० लाख, पैकी ७ कोटी ७५ लाख हमीचे. कॉर्नरबॅकला (चेंडू झेलणाऱ्याला अडवणाऱ्या बचावपटूला) आजवर कोणी इतके दिले नव्हते. जुन्या करारावर त्याची दोन वर्षं बाकी होती, आत्ताच का? मी पोराला शीट दाखवली. निक्स चार वर्षं स्वस्त आहे. विल्सनची ओळ २०२५नंतर संपते. कॅप दरवर्षी वाढतोय. तीन रेषा कागदावर काढल्या की जिथे खिंड दिसते, तिथेच हे मोठे करार बसवलेत. निक्स चांगला निघाला तर. तो चांगला निघेल की नाही ह्याचा रकाना माझ्याकडे नाही.

आप्पांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे पाऊस लागणार असं धरलंय?"

"हो."

"बरं."

१५ सप्टेंबर, रविवार

घरचा पहिला सामना, तोही पिट्सबर्गशीच. वेळापत्रक करणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. तिकिटं काढली नव्हती, घरीच पाहिला. आप्पा परवा परत जाणार, म्हणून पुरणपोळी केली होती. १३-६ने हरलो. निक्सला पहिला विजय अजून मिळायचाय.

थोरला विल्सन पोटरी दुखावल्याने खेळला नाही. कॅमेरा अधूनमधून त्याच्यावर जायचा. आमच्याच मैदानात, दुसऱ्यांच्या रंगात, बाजूला उभा. आप्पांनी नीट निरखून पाहिलं, खेळाडू म्हणून त्यांनी ओळखलेला हा एकच माणूस.

"हाच का आपला ५ कोटी ३० लाखवाला?"

"हाच. वजा १२ लाख १० हजार, ते पिट्सबर्गचे."

त्यांनी लाल वही उघडली, आजची तारीख घातली, आणि खर्चाच्या बाजूला लिहिलं: हजर.